मधल्या माणसाने वाचायचं नाही

लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "कॉम्प्युटरचं काम" एवढं सांगून मोकळी होते. खरं सांगायला गेलं की पंचाईत होते. मी लोकांच्या ईमेलची वाट बांधते. एकदा अमडापूरला पंगतीत हे बोलून गेले, तर शेजारी बसलेल्या मामांनी सुनावलं, "त्याले काय बांधा लागते? बटन दाबलं का जाते." बरोबर आहे त्यांचं. मेल जातं तोवर माझी आठवण कोणाला नसते. जात नाही तेव्हा सगळ्यांना एकदमच होते. त्यामुळे फोन वाजला की हातातलं टाकून मी धावते. नवरा म्हणाला, रिंग बदलून पाहा. बदलली. नव्या रिंगलाही धावते.

माझं माहेर अमडापूर. घरी भाजीपाल्याची शेती, आता भाऊ बघतो. सासर चिखली. आधी बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं, मग एका संस्थेचा मेल सर्व्हर बिघडला तो बघायला गेले आणि त्यातच अडकले. बुलडाणा, चिखली, खामगाव, मोताळा, जिथे म्हणून एखाद्या छोट्या कार्यालयाला स्वतःचा मेल सर्व्हर ठेवायची हौस किंवा गरज आहे, तिथे मी जाऊन आले आहे. आता कामं कमी केली आहेत. काळजी कमी झालेली नाही.

हा धंदा समजायला एसटी पुरेशी आहे. सोनाळ्याहून अकोल्याला लेकीकडे डबा पाठवायचा, तर आपल्याकडे काय करतात? ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली करतात. तो शेगावला दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा अकोल्याला नेतो. ईमेलही असंच हातोहात जातं. छोट्या कार्यालयाचा सर्व्हर थेट मोठ्या कंपनीच्या दारात गेला तर तिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि आत घेत नाहीत. म्हणून मध्ये नाव असलेला, ओळखीचा सर्व्हर लागतो. त्याला रिले म्हणतात. रिले मेल घेतो, पुढे देतो. माझं निम्मं आयुष्य रिले उभे करण्यात गेलं.

आता कुलपाचं. मेलला दोन प्रकारे कुलूप लावता येतं. एक, वाटेवरचं. गाडी धावत असताना डब्याला कोणी हात लावू शकत नाही, पण गाडी बदलताना ज्याच्या हातात डबा आहे त्याने झाकण उघडलं तर त्याला आतलं दिसतं. दुसरं कुलूप डब्यालाच. ते फक्त ज्याला पाठवलं त्यालाच उघडतं, मधल्या सगळ्यांनी नुसतं वाहून न्यायचं. दुसरं केव्हाही चांगलं. पण त्यासाठी पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही थोडं शिकावं लागतं, आणि आपल्याकडे शिकायचं म्हटलं की ज्याला त्याला नेमकी तेव्हाच कुठली तरी बैठक आठवते.

धामणगाव बढ्याच्या एका बियाणेवाल्या शेटजींनी माझ्याकडून हे दुसरं कुलूप लावून घेतलं आणि म्हणाले, "दाखवा बरं कुलूप." मी पडद्यावर कुलूपबंद मेल उघडून दाखवलं. नुसती अक्षरांची खिचडी. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे तर मले बी वाचता येत नाही," ते म्हणाले, "मंग फायदा काय?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते काढून टाकायला लावलं. मी घरी येऊन ही गोष्ट सांगितली, सगळे हसले. मीही हसले. पुढे सुमनच्या वेळी हे हसणं मला आठवलं.

सुमन हे तिचं नाव नाही. गावंही मी बदलली आहेत.

बुलडाण्यात बायकांसाठी एक सल्ला केंद्र आहे. घरातून मार खाऊन निघालेल्या बायकांना ते काही दिवस एका घरात ठेवतात, ते घर कुठे आहे हे कोणाला सांगत नाहीत. कुंदाताई त्याच्या प्रमुख. वयाने माझ्याहून मोठ्या, आवाज खणखणीत, पोलीस स्टेशनात खुर्ची दिली नाही तर स्वतः ओढून बसणाऱ्या. पण कॉम्प्युटरसमोर बसल्या की त्यांचा आवाज उतरायचा. त्यांच्या मेल सर्व्हरचं काम माझ्याकडे होतं.

सुमन त्या घरात राहत होती, सोबत तिची मुलगी. दिवसा ती केंद्राच्या स्वयंपाकघरात काम करायची. मी यूपीएसची बॅटरी बदलत होते तेव्हा तिने मला चहा आणून दिला आणि उभी राहिली.

"ताई, या मशीनीतून जे जाते ते कोणी वाचते का?"

"नाही," मी म्हटलं.

"मधात कोणीच नाही?"

मग तिने सांगितलं. तिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ खामगावात केबलवाल्याकडे कामाला होता. तिथूनच आमच्या बाजूच्या गावांना इंटरनेट येतं. केंद्रालाही तिथूनच येत होतं. "आमच्या घरचे लोक साऱ्या जागी हायेत," ती म्हणाली. ती वाढवून सांगत नव्हती. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही कार्यालयात जा, खिडकीमागे कोणाचा तरी भाचा बसलेला असतो. एरवी आपण त्याचा आनंद मानतो, काम लवकर होतं म्हणून.

त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. केंद्राचं मेल त्या केबलवाल्याच्याच सामाईक रिलेवरून जात होतं, आणि त्यात वकिलांना पाठवलेले कागद असत. मी ते बंद केलं. माझं स्वतःचं एक मशीन घेऊन त्यावर केंद्रासाठी वेगळा रिले उभा केला. मशीन ठेवायला जागा मात्र त्याच केबलवाल्याच्या कार्यालयात मिळाली, कारण रात्रंदिवस वीज आणि दोन-दोन लाइनी दुसरीकडे कुठेच नव्हत्या. पण आत शिरायचा अधिकार फक्त मला होता. केंद्राच्या मशीनपासून माझ्या रिलेपर्यंत कुलूप, रिलेपासून वकिलांच्या सर्व्हरपर्यंत कुलूप. आणि नियम असा घातला की समोरच्या सर्व्हरने आपली ओळख नीट पटवली नाही, तर मेल द्यायचं नाही, रांगेत थांबवून ठेवायचं. दुसरं कुलूप, डब्याचं, मी वकीलसाहेबांना सुचवलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, मला साधंच पाठवा." पुढच्या वेळी मी सुमनला सांगितलं, आता मधात फक्त मी आहे. तिने मान हलवली. एवढी खात्रीची मान मी कोणाकडूनच आजवर कमावली नव्हती.

नंतर बरेच दिवस सगळं सुरळीत गेलं. मुलीला शाळेत घातलं. तिथल्या बाईंना गोष्ट विश्वासात घेऊन सांगितली. मुलीचा ताबा आणि संरक्षण यासाठी कोर्टात अर्ज होता, अकोल्याचे वकील तो चालवत होते. तारखेच्या आदल्या दिवशी कुंदाताईंनी सुमनचं लांबलचक निवेदन त्यांना पाठवलं. त्यात ती कुठे राहते, मुलगी कुठल्या शाळेत जाते, सगळं होतं. कोर्टाला ते हवंच होतं, बंद पाकिटात.

मेल गेलं नाही. वकिलांच्या सर्व्हरचं ओळखीचं सर्टिफिकेट त्याच दिवशी संपलं होतं, कोणी नवं केलं नव्हतं. माझ्या रिलेने नियमाप्रमाणे मेल थांबवलं. त्याने अगदी बरोबर केलं. मी तेव्हा चिखलीच्या एका दालमिलमध्ये होते, तिथे यंत्रं चालू असली की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. बाहेर येऊन फोन पाहिला तर कुंदाताईंचे फोनवर फोन. मी लावला.

"झालं काम, संगीता," त्या म्हणाल्या. "तू काही फोन उचलून नाही राह्यली. मंग दिलीपभाऊले फोन केला. बिचाऱ्यानं लगेच करून देलं."

दिलीपभाऊ म्हणजे खामगावचे ते केबलवालेच. 

"काय करून दिलं त्यांनी?"

"मले काय समजते? त्यानं पडद्यावरचा नंबर विचारला, म्या सांगतला. मंग इथला बाण तिकडूनच हालून राह्यला होता. गेलं मेल. वकीलसाहेबाचा फोन बी आला, भेटलं म्हणे."

समजलं. दिलीपभाऊंनी दुरूनच केंद्राचं मशीन हाती घेतलं आणि माझा रिले काढून, त्यांचा सामाईक रिले लावून मेल पुन्हा पाठवलं. तो समोरच्याची ओळख विचारत नाही. शिवाय ते प्रत्येक मेलची एक प्रत कार्यालयाच्या मेलबॉक्समध्ये ठेवतात, गिऱ्हाईक "गेलंच नाही" म्हणून भांडायला आलं तर दाखवायला. तो मेलबॉक्स काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडाच असतो. काउंटरवर प्रशांत बसतो. सुमनचा चुलत दीर.

दिलीपभाऊंचा मला राग आला, पण त्यांना वाईट तरी कसं म्हणू? कोणाचं काही अडलेलं दिसलं की सोडवून द्यायचं, हे आमच्याकडे रक्तातच आहे. रस्त्यात बैलगाडी अडकली तर ती कोणाची, आत काय, हे न विचारता चार जण खांदा लावतात. थांबवून ठेवणं हेच काही वेळा काम असतं, हे त्यांना कोण सांगणार?

केंद्राची सेटिंग मी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून पुन्हा माझ्या रिलेवर आणली. पण खामगावातली ती प्रत माझ्या हाताबाहेर होती. दिलीपभाऊंचा मोबाइल लागेना, ते कुठेतरी लाइन ओढायला गेले असणार. कार्यालयात फोन करावा तर उचलणार प्रशांत. त्याला सांगू काय, अमुक मेल बघू नको म्हणून? तसं सांगितल्यावर दगडालाही उत्सुकता होईल. मी स्टँडवर गेले आणि खामगावची गाडी धरली.

ती गाडी अमडापूरवरून जाते. स्टँडच्या बाहेर माझ्या भावाचं भाजीचं दुकान आहे. मी खिडकीशी, त्याने पाहिलं आणि धावत आला.

"खामगावले चालली का? थांब." पिशवीत वांगी, मेथी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी कोंबून त्याने ती खिडकीतून आत सरकवली. "मावशीले दे."

"अरे, मी कामाला चालले आहे."

"मंग? कामाले जातानीच देत असते." गाडी हलली. मांडीवर ओल्या सांबाराचा वास घेऊन मी बसले आणि सारखा एकच विचार करत राहिले. मुलगी आता शाळेत असेल. शाळा सुटायला अजून वेळ आहे. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती, माणसं सावकाश उतरत होती, मला सगळ्यांचा राग येत होता. कुंदाताईंना फोन करून मी फक्त एवढं म्हटलं, "मुलीला आज तुम्ही स्वतः आणायला जा." "जाते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कॉम्प्युटरसमोर असतो तसा झाला.

कार्यालयात शिरले तर दिलीपभाऊ नुकतेच आलेले, हाताला काळी टेप चिकटलेली. प्रशांत काउंटरवर. पंचविशीतला, केसांना तेल, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मेलबॉक्स समोर उघडा होता. मी हातातली पिशवी दाखवत म्हटलं, "मावशीकडे भाजी द्यायला आले होते, म्हटलं मशीन बघून जावं." त्या पिशवीचे उपकार मी भावाला अजून सांगितलेले नाहीत.

"या ना ताई," दिलीपभाऊ म्हणाले, आणि मग मोठ्याने, काउंटरला ऐकू जाईल असं, "ते बुलडाण्याच्या बायांचं मेल ना? अटकलं होतं. म्या देलं सोडून. पोचलं ना?"

"पोचलं."

"मंग झालं तर. तुमच्या मशीनीले काय रोग झाला होता?"

"काही नाही. सर्टिफिकेट," मी म्हटलं. "तुमच्याकडे त्याची नोंद आहे ना, जरा बघू द्या."

प्रशांत खुर्चीवरून उठला, मला बसायला दिलं. मेलबॉक्समध्ये न उघडलेलं मेल ठळक अक्षरात दिसतं. वरची सगळी ठळक होती, वीजबिलं, जाहिराती, कोणाच्या पावत्या. मधलं एकच बारीक अक्षरात होतं. केंद्राचं. ते कोणीतरी उघडलं होतं.

मला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. तिथेच विचारलं, "हे उघडलं का कोणी?"

"म्या पाह्यलं असन," दिलीपभाऊ म्हणाले. "गेलं का नाही, पाहा लागते ना." असन म्हणाले. नक्की म्हणाले नाहीत.

 "चहा सांगू का ताई?" एवढंच प्रशांतने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायला गेला. मी ती प्रत पुसली, कचऱ्याच्या डब्यातून पुसली, मागच्या साठ्यातूनही पुसली.  मशीनमधून काय काय पुसायचं ते मला येतं. माणसाने वाचलेलं पुसायची सोय कुठे नाही. सर्व्हर मला एवढंच सांगत होता की मेल उघडलं. कोणाच्या डोळ्यांनी, हे त्याला ठाऊक नव्हतं.

चहा न पिता निघाले तर संशय येईल, म्हणून प्याले. प्रशांत पिशवी उचलून रस्त्यापर्यंत सोडायला आला. मला नको होतं, पण नाही कसं म्हणणार? रिक्षा आली. पिशवी हातात देताना तो हळूच म्हणाला,

"ताई, ते लेकरू बरं हाय ना? शाळेत जाते का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मला काही वाईट दिसलं नाही. पण चेहऱ्यावर मी काय विश्वास ठेवणार होते? सुमन केंद्राच्या आसऱ्याला आहे आणि केंद्राचं काम मी करते, हे त्याला माहीत होतं, म्हणून सहज विचारलं असेल. मुलगी त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली असेल. किंवा त्याने शाळेचं नाव वाचलं असेल.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी केंद्रात गेले तेव्हा सुमन मुलीचं डोकं विंचरत होती. कुंदाताईंनी तिला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. बाकीचं मी सांगितलं, प्रशांतच्या प्रश्नासकट. ती वेणी घालायची थांबली नाही.

"वाचलं का मंग त्यानं?"

"नाही सांगता येत."

"मंग जाच लागते," ती म्हणाली. तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात तिचं निवेदन घेतलं गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला, आणि तिथूनच एका जीपमधून तिला आणि मुलीला दुसऱ्या कुठल्यातरी गावी नेलं. त्या मेलमुळेच निकाल लागला आणि त्या मेलमुळेच जावं लागलं. मुलगी रडत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा नाच होता, घागरा शिवून झाला होता. तो घागरा बरेच दिवस केंद्राच्या कपाटात पडून होता. कपाट उघडं दिसलं की मी दुसऱ्या खोलीत जायची.

त्यानंतर मी अकोल्याला गेले आणि वकीलसाहेबांच्या कार्यालयात जाऊन बसले. त्यांनी पक्षकार बघितले, जेवले, पुन्हा पक्षकार बघितले. मी उठले नाही. शेवटी त्यांनी डब्याचं कुलूप लावून घेतलं आणि उघडायलाही शिकले. कुंदाताई शिकल्या. पहिले काही दिवस त्यांनी मला शिव्या घातल्या, मग सुमन जिथे आहे तिथल्या बायकांना त्यांनीच फोनवर शिकवलं. ते गाव कुठलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तिकडून येणारं मेल आधी दुसऱ्या कोणाच्या तरी रिलेवरून फिरून येतं, मग माझ्याकडे. त्यामुळे कुठून निघालं ते मला दिसत नाही. आत काय आहे तेही दिसत नाही, अक्षरांची खिचडी. एक मेल येतं, माझ्या रिलेवर क्षणभर थांबतं, पुढे जातं. तेवढ्या वेळातही माझा जीव वरखाली होतो. कधी नेहमीपेक्षा मोठं मेल आलं की वाटतं, फोटो असेल का? मुलीचा असेल का? मग "पोचलं" अशी नोंद पडते आणि मी स्वयंपाकाला लागते.

परवा बॅटरी बदलायला खामगावला गेले होते. प्रशांतचं लग्न झालं आहे, काउंटरवर त्याने पेढा दिला. दिलीपभाऊ खांबावर कुठेतरी. मी निघाले तसा तो रस्त्यापर्यंत आला आणि पहिल्यासारखंच, आजूबाजूला बघून, हळूच म्हणाला, "ताई, ते लेकरू बरं हाय ना?"

त्याने तेव्हा वाचलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. वाचलं नसेल, तर त्या मुलीचा नाच मी उगाच हिरावला, आणि एका साध्या माणसाला त्याच्या भावाच्या लेकराची खबरही कोणी दिली नाही. हे मनात येतं तेव्हा वाईट वाटतं, आणि ते बरेचदा येतं.

"मला माहीत नाही, प्रशांत," मी म्हटलं.

त्या वेळी मी खोटं बोलले होते. या वेळी ते खरं होतं.